आणावा की जोडावा?

मी यंत्रांना भिणारा माणूस आहे. मिक्सरचे भांडे बसवताना जरा वेगळा 'खट्' असा आवाज आला, तरी माझ्या छातीत धस्स होते. सायकलची चेन उतरली तर ती चढवण्यापेक्षा सायकल हातात धरून घरापर्यंत चालत येणे मला अधिक सोयीचे वाटते. शाळेत मी चित्रकला शिकवतो. कागद, पेन्सिल आणि रबर यांच्यापलीकडे माझी अवजारे कधी गेली नाहीत. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि वर चित्रकला-शिक्षकाची पदविका. विज्ञानात मला काठावरचे गुण होते, आणि तेही परीक्षकाच्या भूतदयेमुळे, असे माझे प्रामाणिक मत आहे. अशा माणसाच्या घरी संगणक विकत आणावा की सुटे भाग आणून जोडावा, असा वाद एक महिनाभर चालला, हे ऐकून आमच्या पेणमधले माझे स्नेही अजून हसतात.

गोष्ट २०२५ च्या उन्हाळ्यातली. २०१४ साली घेतलेला आमचा संगणक थकला होता. त्याच्यावर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि चौथी अर्ध्यावर होती. नायिका उंबरठ्यावर उभी आहे, आता ती परत फिरणार की घरात येणार, असा प्रसंग मी रंगवीत असे आणि नेमका त्याच वेळी तो पडदा काळा होई. त्यातच एक सूचना रोज दर्शन देऊ लागली. 'विंडोज १०' ला मिळणारे संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने संगणकाची पाठ उघडून पाहिली आणि म्हातारा रोगी तपासून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या सुरात तो म्हणाला, "सर, नवीन विंडोज याच्यावर चढणार नाही. प्रोसेसर जुना आहे. आणि बोर्डही आता जायला आलाय. नवीनच घ्या."

त्याच दिवशी घरात दुसरा एक वाद सुरू होता. उन्हाळी वाळवणाचे दिवस. सौभाग्यवतींनी या वर्षी पापड बचतगटाकडून विकत घेण्याचे ठरवले होते आणि मी, पाटावर बसून आयते जेवणारा माणूस, घरच्या पापडाची थोरवी गात होतो. "विकतच्या पापडाला घरच्याची सर कधी येईल का?" असे मी म्हणालो मात्र, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आमची कन्या वरण वाढून घेता घेता म्हणाली,

"मग बाबा, विकतच्या कॉम्प्युटरला तरी घरच्याची सर कशी येईल? आपण घरी जोडूया. मी जोडते."

सौभाग्यवतींना हसू आवरेना. मी मात्र घास हातात धरून तसाच राहिलो.

आता हिशेब सांगतो, कारण मास्तराच्या घरात कोणताही वाद शेवटी हिशेबाच्या वहीवर येतो. तयार संगणकाचा भाव निघाला एकोणपन्नास हजार पाचशे. कन्येने त्याच तोलाच्या सुट्या भागांची यादी केली: प्रोसेसर साडेचौदा हजार, मदरबोर्ड अकरा हजार, मेमरी साडेचार हजार, साठवणीसाठी एसएसडी साडेतीन हजार, वीज पुरवणारा एसएमपीएस साडेतीन हजार आणि हे सारे ज्यात बसायचे ते कॅबिनेट तीन हजार. बेरीज चाळीस हजार. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच. चित्रे उमटवण्याची सोय ज्याच्या पोटातच आहे असा प्रोसेसर तिने निवडला होता, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचला होता. "तुम्ही काय गेम खेळणार आहात?" असे तिने मला विचारलेही.

पण हिशेब वाटला तितका सरळ नव्हता. तयार संगणकाच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेला असतो. तो वेगळा घ्यायचा तर वाचलेले पैसे त्यातच जातात. आमचे गणिताचे मास्तर म्हणाले, "अहो, तो कुणी पैसे देऊन घेतो का? दुकानदार तसाच घालून देतो." वर्गात कॉपी करणाऱ्या पोराचा कान धरायचा आणि घरी येऊन चोरीच्या पाटीवर कादंबरी लिहायची, हे मला जमणारे नव्हते. कन्येने लिनक्सचा तोडगा काढला. ते फुकट मिळते, कायदेशीर असते, आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात असतो. मला लागते तरी काय? अक्षर.

तिसरीही एक वाट होती. भाग आपण निवडायचे आणि दुकानदाराला आठशे रुपये देऊन त्याच्याकडून जोडून घ्यायचे. त्याचा हात रोजचा सरावलेला. म्हणजे नीट पाहिले तर आपल्या हाताने जोडण्यात आमचा फायदा होता तो एकंदर आठशे रुपयांचा. आणि धोका? मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागी केसाएवढ्या बारीक शेकडो पिना असतात. एक जरी वाकली तरी अकरा हजारांचा बोर्ड गेला, आणि हाताने वाकवलेल्या पिनेला वॉरंटी नसते. तयार संगणक बिघडला तर एका ठिकाणी तक्रार करायची. येथे सहा वस्तू, सहा बिले आणि दोष कुणाचा हे शोधणारे आपणच. आठशे रुपयांसाठी चाळीस हजार पणाला लावणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात, ते सांगायला नको.

कन्या हार मानणारी नव्हती. रोज रात्री ती मला इतिहास ऐकवू लागली. घरगुती संगणकाचा जन्मच मुळी सुट्या भागांतून झालेला आहे, म्हणे. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर' नावाचा संगणक झळकला. तो लोकांनी टपालाने मागवून घरी डाग देऊन जोडला. १९८१ साली आयबीएमने आपला छोटा संगणक काढला, तोही बराचसा इतरांचे भाग घेऊन. आणि त्याची रचना जगजाहीर ठेवल्यामुळे दुसऱ्यांनाही तसे संगणक करता आले. म्हणून तर आज एकाचा बोर्ड, दुसऱ्याची मेमरी आणि तिसऱ्याचा डबा एकमेकांत बसतात. बोर्ड डब्यात बसवायच्या भोकांची मापे १९९५ साली ठरली, ती अजून चालतात. "आणि आपल्या पुण्याचं घ्या ना," ती म्हणाली. भारताला अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या मंडळींनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. एक अवाढव्य मेंदू मिळत नाही ना, मग ट्रान्सप्यूटर नावाच्या पुष्कळशा लहान लहान मेंदूंची मोट बांधली.

"त्यांनी जोडला तो महासंगणक. मी साधा जोडते म्हणते," एवढे बोलून ती झोपायला गेली.

मला झोप आली नाही. आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला बसलो, ती सांगतो.

आमच्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. तो आमच्या अण्णांचा. अण्णा कारकून होते, पण त्यांना रेडिओचे वेड. मी अकरा-बारा वर्षांचा असताना त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि घरी रेडिओ जोडायला घेतला. दोन महिने रोज रात्री ते कंदिलासारखा खाली ओढलेल्या दिव्याखाली डाग देत बसत. राळेचा तो वास मला अजून आठवतो. एका रविवारी त्यांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावले आणि सर्वांसमोर बटण फिरवले. रेडिओ बोलला नाही. नुसता एकदा खरखरला आणि गप्प झाला. कुणीतरी म्हणाले, "अण्णासाहेब, बातम्या संपल्या वाटतं!" सारे हसले. मीही हसलो. मोठ्याने हसलो.

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिले. रागावले नाहीत. शांतपणे सगळे भाग डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. त्यानंतर त्यांनी हातात डागण्याची कांडी कधी धरली नाही. पुढे लोक त्यांना 'रेडिओ इंजिनिअर' म्हणत, ते अखेरपर्यंत. तो रेडिओ कशाने अडला होता, एखादा डाग सुटला होता की एखादी तार उलटी लागली होती, कुणास ठाऊक. आणखी दोन रविवार मिळते तर कदाचित तो बोललाही असता. ते दोन रविवार आम्ही त्यांना दिले नाहीत.

मी पिनांना भीत नव्हतो, चाळीस हजारांनाही तितका भीत नव्हतो. मी भीत होतो त्या हसण्याला. आणि मला असेही दिसले की, कन्येला 'नको' म्हणताना मी तिला त्या हसण्यापासून वाचवीत नव्हतो. तिच्या हातातली कांडी आधीच काढून घेत होतो. वर्गात मी मुलांना सांगत असतो, "रबर बाजूला ठेवा. रेघ चुकली तर चुकू दे." तेथे बिघडतो तो दोन रुपयांचा कागद, म्हणून हे औदार्य सुचते की काय!

सकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, "जोडायचा. तू जोडायचास. मी फक्त दिवा धरीन."

"बिघडला तर?" तिने विचारले. इतके दिवस वाद घालणाऱ्या मुलीचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"बिघडला तर सहा महिने मी वहीत लिहीन. माझे अक्षर काही वाईट नाही."

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहतो तो त्यांनी उडदाचे पीठ भिजवलेले.

आम्ही बापलेक एस.टी.ने मुंबई सेंट्रलला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदारांच्या तोंडी जुनेच. जेथून अण्णांनी रेडिओचे भाग आणले, त्याच रस्त्यावर त्यांची नात मेमरीची घासाघीस करीत उभी होती. ते पाहायला अण्णा हवे होते, असे मला फार वाटले.

रविवारी दिवाणखान्यात चादर पसरली. कन्येने माळ्यावरचा डबा उतरवायला लावला आणि त्यातून अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. अंगातली स्थिर वीज भागांना मारक असते, म्हणून ती मधून मधून धातूला हात लावी. प्रोसेसर तिने श्वास रोखून ठेवला. तो दाबायचा नसतो, नुसता जागेवर सोडायचा आणि वरची दांडी लावायची. ती दांडी लावताना असा करकर आवाज होतो की मी डोळे मिटून घेतले. मेमरीची पट्टी 'टक्' करून बसली. दोन तासांनी बोर्ड डब्यात घट्ट बसल्यावर सौभाग्यवतींनी चादरीवरची एक पत्री उचलून विचारले, "अगं, ही कुठली?" ती डब्याच्या पाठीला आधी लावायची असते. सगळे स्क्रू पुन्हा काढावे लागले. मी हसणार होतो, पण तोंड घट्ट मिटले.

संध्याकाळी बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा काळा. एक मिनिट गेले, दोन गेली. पडदा काळाच. कन्येचा चेहरा उतरला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि मला दुसराच चेहरा दिसत होता.

"बंद करू का?" मी विचारले.

"नको," ती म्हणाली. "नवीन मेमरी पहिल्यांदा बोर्डाशी जुळवून घेते. वेळ लागतो, असं वाचलंय. थांबायचं."

आम्ही तिघेही थांबलो. कुणी बोलले नाही, कुणी हसले नाही. चार-पाच मिनिटे गेली असतील. माझ्या आयुष्यात इतकी लांब मिनिटे फार थोडी आली आहेत. मग पडदा उजळला आणि त्यावर अक्षरे आली.

जुन्या डिस्कवरच्या माझ्या कादंबऱ्या तिने दुसऱ्या दिवशी उतरवून घेतल्या. पहिल्या दोन युनिकोडपूर्व टंकातल्या; उघडल्यावर सगळा रोमन गिचमिडा दिसला. त्यांचे रूपांतर करण्यात तिची उरलेली सुट्टी गेली. त्या वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव असे काही भडकले की, ओळखीचे लोक माझ्या दूरदृष्टीची तारीफ करू लागले. तो शहाणपणा नव्हता, निव्वळ दैव होते. भाव चढल्यावर वही उघडली असती तर हिशेबाने कदाचित तयार संगणकच आणायला लावला असता.

कुणी मला विचारले की संगणक आणावा की जोडावा, तर मी सांगतो: घाई असेल, वेळीअवेळी दुरुस्तीला माणूस दारी हवा असेल, तर खुशाल आणा. पण घरात कुणी 'मी जोडते' म्हणणारे असेल, तर हिशेब जरा बाजूला ठेवा.

हे मी त्याच संगणकावर लिहितो आहे. बाहेर कन्या आकाशकंदिलाला कागद चिकटवते आहे. एक बाजू जरा तिरकी झाली आहे खरी. मी पाहिले, आणि काही बोललो नाही.