जीपीएसकडून ग्रिडकडे

ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडवर जागा सांगतात ती मीटरांत: मूळबिंदूपासून पूर्वेला किती (ईस्टिंग) आणि उत्तरेला किती (नॉर्दिंग). जीपीएसचे अक्षांश-रेखांश या मीटरांत आणायला प्रोग्रामला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली गाळली तरी प्रोग्राम अडत नाही, उत्तरही पटण्याजोगे येते. खरा धोका तोच.

पहिली पायरी डेटमची, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र कोणते धरायचे त्याची. जीपीएस डब्ल्यूजीएस८४ धरून चालते. ग्रिड बेतलेले आहे एअरीच्या १८३० सालच्या लंबगोलावर. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येत ५७३ मीटरांचा फरक, शिवाय केंद्रेही शेकडो मीटर सरकलेली. डेटम न बदलता पुढे गेल्यास नॉर्फोकच्या किनाऱ्यावरची खूण शंभराहून अधिक मीटर हलते.

डेटम बदलण्यासाठी हेल्मर्ट रूपांतरणाचे सात आकडे वापरतात: तीन सरकवण्याचे, तीन फिरवण्याचे, एक प्रमाणाचा. फिरवण्याच्या चिन्हांचे दोन परस्परविरुद्ध संकेत रूढ आहेत. एकाचे आकडे दुसऱ्याच्या सूत्रात घातले की पंचवीस-तीस मीटर गेले. सगळे बिनचूक असले तरी पाचेक मीटरांची चूक उरतेच, कारण १९३६ला सुरू झालेल्या त्रिकोणमापनातल्या स्थानिक ओढाताणी एका सूत्रात मावत नाहीत. म्हणून ब्रिटनच्या नकाशा-संस्थेने, ऑर्डनन्स सर्व्हेने, ओएसटीएन१५ हा दर किलोमीटरच्या फरकांचा तक्ता दिला आहे. जमिनीच्या हद्दीचे काम असेल तर तोच वापरावा. भटकंतीच्या ॲपला हेल्मर्ट पुरतो.

दुसरी पायरी प्रक्षेपणाची: ट्रान्सव्हर्स मर्केटर, मूळ ४९ अंश उत्तर, २ अंश पश्चिम. ग्रिडचा मूळबिंदू याहून वेगळा, म्हणून ईस्टिंगमध्ये चार लाख मिळवायचे, नॉर्दिंगमधून एक लाख वजा. सूत्रे लांबलचक, पण निमूटपणे उतरवण्यासारखी.

पडताळणीला नॉर्फोकमधल्या केस्टरचा पाण्याचा टॉवर घ्यावा. एअरीवर तो ५२° ३९′ २७.२५३१″ उत्तर, १° ४३′ ४.५१७७″ पूर्व; त्यावरून ईस्टिंग ६५१४०९.९०३ आणि नॉर्दिंग ३१३१७७.२७० यायला हवे. इथे मिलिमीटर जुळले की प्रक्षेपण बरोबर. डेटमची पायरी मात्र वेगळी तपासावी.

शेवटी अक्षरे. लाख मीटरांच्या चौकोनाला दोन अक्षरे असतात, ‘आय’ गाळून. टॉवरचा सहा आकडी संदर्भ टीजी ५१४ १३१. नॉर्दिंगचे लाख वगळून उरलेले १३१७७ हे १३२च्या जवळचे, तरी पूर्णांकन करायचे नाही. आकडे नुसते छाटायचे, कारण संदर्भ चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचा असतो.