भाज्याचा दगड आणि नेरूळचे ध्वनिमुद्रण

१/ मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, दक्षिण टोकाच्या विहारात, एक स्त्री चर्मवाद्ये वाजवीत आहे आणि दुसरी नृत्य करीत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या शिल्पात वादिकेचे हात टिकले, ताल हरपला. तो ऐकणारे कोण होते, हेही दगड सांगत नाही.

२/ १५ डिसेंबर २०१९. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘यू टू’ हा १९७६ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेला रॉक बँड भारतात प्रथमच गायला. ए. आर. रहमानही मंचावर आले. श्रोत्यांनी ती रात्र आपापल्या मोबाइलमध्ये टिपली.

३/ मंचावरील मायक्रोफोनमधून होणाऱ्या अधिकृत मुद्रणात वाद्ये स्वच्छ उमटतात. श्रोत्याच्या मोबाइलमध्ये ड्रमचा आवाज फाटतो, शेजाऱ्याचा बेसूर गळा मिसळतो. इतिहासाला हवा असतो तो नेमका हा शेजारी: तो कुठे गप्प झाला, कोणते गाणे त्याला तोंडपाठ होते.

४/ मात्र तारीख, जागा आणि उपकरण यांची नोंद नसेल, तर असे साधन पुढे मुके होते. फोन बिघडला की तेही उरत नाही. भाज्याच्या कारागिराला ध्वनी पकडता येत नव्हता. आजच्या श्रोत्याला तो येतो, पण त्याच्या हाती दगड नाही. जपणूक त्यालाच करावी लागेल.