माळरान रिकामे नसते

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो आणि चौफुल्यास पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. तेथून मोरगावच्या वाटेवर, बारामती तालुक्याच्या हद्दीत सुपे हे गाव आहे. गावालगत मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य पसरले आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे ५ चौरस किलोमीटरचे. येथे घनदाट झाडी नाही, धबधबा नाही. आहेत ते खडकाळ उंचवटे, खुरटी झाडे आणि हिवाळ्यात सोनेरी होणारे गवत. त्या गवतात चिंकारा मान उंचावून उभा असतो.

प्रथम येणाऱ्यास हा माळ ओसाड भासतो, आणि म्हणूनच तो हवा तसा तुडवला जातो. वस्तुतः येथील संसार जमिनीवरच थाटलेला असतो. टिटवी उन्हाळ्यात खड्यांमधील उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंगही खड्यांसारखाच. नर-मादी आळीपाळीने त्यांवर सावली धरतात. माणसे जवळ बैठक मांडतात, तेव्हा पक्षी दूर जाऊन ओरडत राहतो. पाहुण्यांस त्याचे कौतुक वाटते. तेवढ्या अवधीत अंडी मात्र उन्हाने तापून निकामी होऊ शकतात. पायाखाली काहीही न चिरडता घरटे उजाड होते.

यास्तव मळलेली वाट सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश वा मुक्काम करता येत नाही. तंबूची हौस असल्यास तो बाहेर, शेतमालकास विचारून, नांगरलेल्या मोकळ्या रानात ठोकावा, गवतात नव्हे. शेकोटी पेटवू नये. वाळल्या गवतास एक ठिणगी पुरते. डबा घरूनच न्यावा व दिवस मावळण्यापूर्वी उरकावा. उरलेली पोळी मुक्या जनावरांसाठी म्हणून टाकणे हीदेखील येथे दया ठरत नाही. तिच्या वासाने भटकी कुत्री येतात, चिंकाराच्या पाडसांमागे धावतात आणि आपले रोग लांडग्या-खोकडांना देतात.

भीमेकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. तेथे उघड्यावर निजू नये, मुलांना एकटे सोडू नये. कुटुंबासह रात्र काढावयाची तर शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे शेतकऱ्यांनी पाहुण्यांसाठी सोय केली आहे. पहाटे मोरांच्या केकारवाने जाग येते. निघताना आपला सारा कचरा पिशवीत बांधून घरी न्यावा, एवढेच यजमानांचे आणि माळाचे मागणे.