टाकीचे घाव

कांजण्या आलेल्या पोराची नखं कापायची, अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरायचा आणि शेजारच्या पोरांना मुद्दाम त्याच्याजवळ खेळायला बसवायचं. लहानपणीच निघून गेलेल्या बऱ्या. या हिशेबात तथ्य आहे; मोठेपणी कांजण्या झाल्या तर प्रकरण न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. वर म्हण तयारच असते, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

पहूर गावात ही म्हण नुसती ऐकून सोडता येत नाही. गावाजवळची वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येते, आणि तिथे टाकीचे घाव डोळ्यांना दिसतात. चोविसावं लेणं अर्धवट राहिलं ते कायमचंच. चौथं लेणं तिथला सर्वांत मोठा विहार. तो खोदताना खडकातल्या दोषामुळे छत कोसळलं आणि कारागिरांना ते आणखी वर चढवून नव्याने कोरावं लागलं. टाकी तीच, डोंगरही तोच. दोष आत होता, घाव पडेपर्यंत तो कळला नाही. म्हण मात्र देव झालेल्या दगडाचंच सांगते. फुटलेल्याच्या कपच्या कुठे गेल्या, हे तिच्यात नाही.

मग पोराला जंतूंपासून दूरच ठेवावं?

तेही पटत नाही. 1989 मध्ये संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 17,000 हून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना थोरली भावंडं जास्त, म्हणजे घरात जंतूंशी गाठही जास्त, त्यांच्यात परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी कमी आढळली. शेणामातीच्या अंगणाला त्यातून मोठा आधार मिळाला. पण पुढे संशोधकांचा भर आजारपणांवरून हटून माती, गुरं, आतड्यातले जिवाणू यांवर गेला. गोवर तर उलटंच करतो. लस न घेतलेल्या 77 डच मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले: इतर रोगांविरुद्ध जमवलेली प्रतिपिंडं 11 ते 73 टक्क्यांनी घटली होती. कांजण्यांचा विषाणूही अंगावरचे फोड सुकले तरी मज्जातंतूंत दबा धरून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो.

लस आहे तिथे निवाडा सोपा. गोवराची सरकारी दवाखान्यात नऊ महिने पूर्ण झाल्यावर फुकट मिळते, कांजण्यांची विकत घ्यावी लागते. अडतं ते बिननावाच्या सर्दी-खोकल्यापाशी. अंगणवाडीतून शेंबूड घेऊन आलेलं चार वर्षांचं पोर दोन-चार दिवसांत हुंदडायला लागतं, कदाचित थोडं पक्कंही होतं. पण त्याच घरात पाळण्यात दोन महिन्यांचं बाळ असतं, खाटेवर दम्याचे आजोबा. पोराला उद्या अंगणवाडीत पाठवायचं की नाही, हे त्या तिघांपैकी कुणाकडे बघून ठरवायचं?