मोजकी साथ

पंचाहत्तरीनंतर दादांनी माणसं गाळायला सुरुवात केली. लग्नपत्रिका आली की म्हणायचे, "आहेर पाठवून द्या, मी काही येत नाही." आई धास्तावली. पंचक्रोशीतलं बारसंही न चुकवणारा हा माणूस. आता याचं मन कशात रमेना की काय, असं तिला वाटे. पण पखवाजवाले मित्र ओसरीवर आले की दुपारचा चहा दिवेलागणीपर्यंत लांबायचा.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. एरिक एरिक्सनने १९५० साली मांडलेल्या आयुष्याच्या आठ अवस्था दरवर्षी फळ्यावर लिहिते. म्हातारपणाच्या वाट्याला त्यात एकच खाना येतो. आमच्या ओसरीवर काय चाललंय, ते मला मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सनमुळे जास्त उमगलं. हाताशी वेळ थोडा आहे असं वाटू लागलं की माणूस ओळखीपाळखी आवरतो आणि जवळच्यांना धरून राहतो, असं तिचं म्हणणं. तरुणांनाही हे लागू पडतं. प्रश्न वयाचा नाही, पुढे किती दिसतं त्याचा.

दादा भजनी मंडळात पेटी वाजवतात. बोटं आखडली तशी त्यांनी द्रुत लयीतली गाणी सोडून दिली. ठेवले चार-पाच अभंग, पण ते रोज सकाळी घोटायचे. जलद जागा येण्याआधी लय किंचित सैल सोडायची. पखवाजवाले ओळखून सांभाळून घेतात, आणि पुढची जागा ऐकणाऱ्याला चपळ वाटते. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या घरात अगदी हेच करायचा. पॉल बाल्टेस या मानसशास्त्रज्ञाने वार्धक्याबद्दल लिहिताना त्याचाच दाखला दिला आहे. दादांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे त्याचीही बोटं दुखायची तर!"

स्वभावही निवळलाय. पूर्वी टाळ चुकला की ते पेटीचा भाता धाडकन मिटायचे. आता नवा पोरगा सगळा अभंग बेताल काढतो, तरी "येईल त्याला" म्हणतात. (हा मऊपणा मंडळापुरताच. गॅस मोठा ठेवला म्हणून मी अजून बोलणी खाते.)

विहिरीच्या वाट्यावरून चुलत्यांशी धरलेला अबोला मात्र तसाच आहे. यंदा दिवाळीला मी विषय काढून पाहिला. "सगळ्यांवरचे राग सोडले," दादा म्हणाले, "एवढा एक राहू दे."