चाळिशी आणि नागीण

चष्म्याला 'चाळिशी' हे नाव ज्याने दिले तो मोठा स्पष्टवक्ता असला पाहिजे. वस्तूच्या नावातच त्याने ती वापरणाराचे वय सांगून टाकले. आम्हांस ती लागून पाच वर्षे झाली. डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, जवळचे पाहताना त्यास हवा तेवढा फुगवटा येत नाही, आणि हातातील पुस्तक हळूहळू दूर जाऊ लागते. शेवटी हातच अपुरे पडतात. यात लाजण्यासारखे काही नाही, असे आम्ही इतरांस सांगत असू आणि स्वतः मात्र चष्मा कपाटात ठेवून बाहेर पडत असू.

मिस्सेचे पुस्तक मोठ्या टायपाचे असते, तेथे निभावते. निभावत नाही ते मोबाईलपाशी. बँकेचा ओटीपी येतो. चष्मा शोधून तो वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. शिवाय आमच्या या आदिलाबादकडील मुलखात, पैनगंगेच्या दक्षिणेस, निरोप येतात ते कधी मराठीत, कधी तेलुगूत, तर कधी नुसत्याच चित्रांत. गुलाबाची फुले आणि 'शुभ प्रभात' यांचा तर रोजचा पाऊस! ते सारे आम्ही न पाहताच अंगठ्याने वर ढकलीत असू. या सवयीपायी जे घडले ते वाचकांस सांगावयाचे आहे.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या मुलाने आम्हांस एक छायाचित्र पाठविले. चष्मा जवळ नव्हता. तांबूस, ठिपक्याठिपक्यांचे काहीतरी दिसले. कोणी फुले धाडली असतील असे समजून आम्ही फोन बाजूस ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनाच्या तयारीस लागलो.

ते त्या आजोबांचे कपाळ होते.

मंगळवारी रात्री त्यांच्या घरी गेलो तेव्हा कपाळाच्या उजव्या बाजूस गेरूचा जाड लेप होता, पापणी सुजून मिटली होती आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले होते. "पोरानं फोटू धाडला होता ना फादर तुमाले," आजोबा म्हणाले. "म्हटलं, फादर सांगतीन तसं करू."

यावर आम्ही काय बोलणार? त्याच रात्री ऑटो करून त्यांस आदिलाबादेस इस्पितळात नेले. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले असते तर अधिक उपयोग झाला असता, एवढेच डॉक्टर म्हणाले. फोड महिन्याभरात सुकले. उजवा डोळा अंधुक झाला तो झालाच. आणि कपाळावर वाऱ्याची झुळूक लागली तरी अजून आग होते.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः ही नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू रोगी बरा झाला तरी मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय होऊन प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. होप-सिम्प्सन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने सायरेन्सेस्टर या लहानशा गावी आपल्याच रोग्यांची वर्षानुवर्षे टिपणे ठेवून १९६५ साली हा विचार मांडला. मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा, म्हणून फोडांचा पट्टा बहुधा मध्यरेषेशी थांबतो. तोंड व शेपूट जुळण्याचा प्रसंग सहसा येत नाही. भय आहे ते निराळेच. कपाळाकडे जाणाऱ्या तंतूचीच एक शाखा डोळ्याकडे जाते व तिचे टोक नाकाच्या शेंड्यापर्यंत पोहोचते. तेथे फोड दिसला की डोळा धोक्यात आहे असे समजावे आणि गेरू उगाळीत बसू नये.

यावर लस आहे. २०२३ साली ती आपल्या देशात आली. पन्नाशीपुढील माणसांस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा देतात. दंड दुखतो, एखाददुसरा दिवस ताप येतो, पण चाचण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण आढळले आहे. सरकारच्या मोफत लसीकरणात मात्र ती नाही, आणि एका मात्रेस एक क्विंटल कापसाच्या भावाहून अधिक पैसे पडतात. आमच्या लोकांस हे सांगताना जीभ अडखळते.

तरी आजोबांस सांगितले. त्यांनी विचारले, "ह्या सुईनं डोळा परत येईन का फादर?"

"नाही, आजोबा."

"तं मंग बुढीले टोचा."

आजोबांसही ती घेता येते, एकदा झालेली नागीण पुन्हा निघू शकते, असे आम्ही परोपरीने सांगितले. पण दोघांपुरता कापूस नव्हता. पौषात कापूस विकून मुलाने आईस पहिली मात्रा देवविली. चष्मा आता दोरीने आमच्या गळ्यात असतो, पोरे हसतात. दुसऱ्या मात्रेची तारीख फोनमध्ये नोंदविण्यास मुलाने सांगितले होते. ती आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहून ठेविली आहे.