दीडशे केबीचा आवाज

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोनमध्ये उतरलेल्या प्रत्येक चित्राला एक नाव मिळतं. आधी ‘आयएमजी’, मग आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि शेवटी आणखी चार आकडे. आठ आकड्यांत वर्ष, महिना, दिवस असतो. शेवटच्या चारांत त्या दिवशीचा त्या चित्राचा क्रमांक. कुणी न सांगता फोन ही रोजनिशी लिहीत असतो. आईच्या फोनमधला तो फोल्डर उघडून बोट फिरवत गेलं, की वर्ष सणावारांच्या पावलांनी चालू लागतं. जानेवारीच्या मध्यावर तिळगूळ, मग सात घोड्यांचा रथसप्तमीचा सूर्य, चैत्रात गुढ्या, आषाढात विटेवरचा विठ्ठल, श्रावणात पावसाने भिजलेली जाई, दसऱ्याला आपट्याची पानं, कार्तिकात तुळशीचं लग्न. मधल्या साध्या दिवसांवर वाफाळता चहा, गुलाब आणि सुविचार. वेगळं पंचांग बघायची गरज नाही.

आणि मग एके दिवशी फोन सांगतो, जागा संपली. नातवाने गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ पाठवलेला असतो आणि तोच नेमका उतरत नाही.

हा भरणा कधीपासून झाला ते साधारण सांगता येतं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा सुरू झाली आणि बघता बघता इंटरनेट स्वस्त झालं. घरोघरी तेव्हा जे फोन होते त्यांतल्या कित्येकांची साठवण ८ नाहीतर १६ जीबीची. त्यातलीही बरीचशी फोनच्या स्वतःच्या प्रणालीनेच व्यापलेली. नळाला धो धो पाणी आलं, घरातली कळशी तेवढीच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने भारतात ‘फाइल्स गो’ नावाचं अ‍ॅप आणलं, ते फोनमधली जागा मोकळी करण्यासाठीच. आजचं ‘फाइल्स बाय गूगल’ ते हेच. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली, की भारतातले फोन अडून बसतात त्यामागे सकाळच्या शुभेच्छांची चित्रं हे एक मोठं कारण असल्याचं गूगलच्या लोकांना आढळलं. ती बातमी पुष्कळांनी गंमत म्हणून वाचली, एकमेकांना पाठवली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सकाळी सव्वासहाला आईने पाठवलेला गुलाब पुण्यात मावशीला आणि नाशकात मामीला एवढंच सांगतो, की आई उठली, चालतीबोलती आहे. सात वाजून गेले आणि गुलाब आला नाही, तर मावशीचा फोन येतोच. “काय गं ताई, बरं आहे ना?” एकेकट्या घरांमध्ये राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांची खबर घ्यायची ही रीत स्वतःच शोधून काढली, कुणी त्यांना शिकवली नाही. त्या गुलाबाला मी कचरा म्हणणार नाही. त्याचं काम सव्वासहालाच पूर्ण होतं, एवढंच. त्यानंतर तो फोनमध्ये राहतो, तो कुणी काढला नाही म्हणून.

जागा संपली की बहुतेक जण गॅलरी उघडतात आणि फोटो पुसायला लागतात. लग्नातले, सहलीतले, बारशातले चांगले फोटो त्यात बळी जातात आणि जागा तरी किती सुटते? थोडीशीच. कारण बराचसा भरणा गॅलरीत दिसतच नाही. आपण कॅमेऱ्याने काढलेला फोटो कुणाला पाठवला, की व्हॉट्सअ‍ॅप त्याची लहान केलेली एक प्रत स्वतःपाशी ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. व्हिडिओचंही तसंच. या फोल्डरात ‘डॉट नोमीडिया’ नावाची एक फाइल असते. तिच्यात काहीही नसतं, ती पूर्ण रिकामी असते. पण ती ज्या फोल्डरात असेल त्यातलं एकही चित्र गॅलरी दाखवत नाही. एका रिकाम्या फाइलीच्या आड वर्षानुवर्षांची चित्रं बसून असतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या नावाकडेच बघत राहिलो.

त्या नावातल्या सुरुवातीच्या टिंबाचीही एक हकिकत आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स ही संगणकप्रणाली आहे आणि लिनक्सने चालीरीती घेतल्या त्या युनिक्सकडून. हे युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आकाराला येऊ लागलं. त्यात प्रत्येक फोल्डरात एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असत. पहिली त्याच फोल्डराची, दुसरी त्याच्या वरच्या फोल्डराची. फाइलींची यादी मागितली की या दोन नोंदी उगाच मध्ये येत. म्हणून यादी करणाऱ्या प्रोग्रॅमला सोपी अट घातली गेली, की टिंबाने सुरू होणारं नाव वगळ. त्या एका अटीने टिंबाने सुरू होणारी बाकीची सगळी नावंही यादीतून गेली. पुढे बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी हे लिहून ठेवलं आहे. फाइल लपवायची सोय म्हणून ती कुणी आखली नव्हती, ती अनवधानाने जन्माला आली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या टिंबाची सावली आज आईच्या फोनवर आहे. फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय असतो. तो सुरू केला की ही सावली सरते आणि फोनचं पोट दिसायला लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्याने नवी येणारी चित्रं फक्त गॅलरीत दिसत नाहीत, जागा अडवायची थांबत नाहीत. थांबवायचं असेल तर आपोआप उतरणं, म्हणजे ऑटो डाउनलोड, बंद करावं लागतं. पुसलेल्या फोटोंचंही तेच. गूगल फोटोजमध्ये पुसलेला फोटो आधी ट्रॅशमध्ये जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस तिथे राहतो. आयफोनमध्ये ‘रीसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये साधारण महिनाभर. तोवर आपण पुसलं म्हणतो आणि जागा काही सुटत नाही. टेलिग्राम वापरत असाल तर त्याचा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, एकदा बघाच. चॅनेलवर नुसते पाहून सोडून दिलेले सिनेमे त्यात जाऊन बसलेले असतात. कॅशे पुसायला भिऊ नये, तो लागेल तसा पुन्हा तयार होतो. त्याच्याच शेजारी ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असतं, तिथे मात्र बोट लावू नये. त्याने अ‍ॅपची आपल्याबद्दलची सगळी ओळखच पुसली जाते.

भरलेला फोन मंद का होतो, तेही सांगायला हवं, कारण बरेच जण त्याला फोनचं म्हातारपण समजतात आणि नवा फोन घेतात. फोनमधली स्मृती फ्लॅश प्रकारची असते. जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती घडवली. वीज वाहू न देणाऱ्या थराच्या आत थोडे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. ते तिथे आहेत की नाहीत, किती आहेत, यावरून शून्य आणि एक वाचायचे. फोन बंद केला तरी ते तिथेच राहतात. या स्मृतीत लिहिता येतं थोडं थोडं, पुसावं मात्र लागतं मोठ्या ठोकळ्यांनी. त्यामुळे मोकळे ठोकळे हाताशी नसतील, तर नवं काही लिहिण्याआधी चिपला जुनं इकडचं तिकडे हलवत बसावं लागतं. फोन अडखळतो तो या उलथापालथीमुळे. थोडी जागा मोकळी केली की त्याच फोनला पुन्हा दम येतो.

हे सगळं तंत्र मला ठाऊक होतं, तरी आईच्या फोनपुढे ते एकटं पुरलं नाही. रविवारी दुपारी तिच्या शेजारी बसून मी विठ्ठलाची, स्वामींची, गणपतीची चित्रं निवडली आणि पुसणार एवढ्यात तिने माझा हात धरला. “देव कचऱ्याच्या डब्यात टाकायचे?” पडद्यावर खरोखरच डब्याचं चित्र होतं. तिच्या प्रश्नात भाबडेपणा नाही. देवाचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिकेवरचा गणपती, अगरबत्तीच्या पुड्यावरची लक्ष्मी तिने आजवर कधी केरात टाकली नाही. त्यांची वेगळी पिशवी असते आणि ती वेळ बघून पाण्यात सोडली जाते. ज्या घरांत दीड दिवस पुजलेली मूर्ती दरवर्षी निरोप देऊन विसर्जित होते, त्या घरांत निरोपाचा संस्कार आहे. फोनने आपल्याला पुसण्याचं बटण दिलं, निरोपाचं दिलं नाही. आम्ही मग असं केलं, की प्रत्येक देवाचं एक चित्र ठेवायचं, तिला सगळ्यात आवडेल ते. बाकीच्यांना तिने फोनवरच हात जोडले आणि म्हणाली, “आता काढ.” वेळ लागला. तो लागायलाच हवा होता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये दोन वेगळे कप्पे दिसतात: पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. ही सोय उत्तम आहे, मोठा भार तिथेच उतरतो. आमचाही उतरला, नाचाचा व्हिडिओ उतरला, तिने तो लगेच पाहिला. पण या सोयीला आकार कळतो आणि तारीख कळते, दुसरं काही कळत नाही. सगळ्यात मोठं ते सगळ्यात वर. सगळ्यात लहान ते तळाशी, कुणी बघत नाही अशा जागी. आमच्या घरातलं सगळ्यात मोलाचं नेमकं तिथे होतं.

आलेले ध्वनिसंदेश व्हॉट्सअ‍ॅप वेगळ्या फोल्डरात ठेवतं आणि त्यात पुन्हा आठवड्यांचे फोल्डर असतात. २०२११४ म्हणजे २०२१ सालातला चौदावा आठवडा, मार्च संपून एप्रिल लागला तो सुमार. आतल्या फाइलींची नावं ‘पीटीटी’ने सुरू होतात आणि ‘ओपस’ने संपतात. ओपस ही आवाज साठवायची पद्धत २०१२ साली प्रमाण ठरली, आणि बोलणं अगदी थोड्या जागेत साठवण्यात तिचा हात धरणारं फारसं कुणी नाही. मिनिटभराचं बोलणं शंभर-दीडशे केबीत मावतं. फुल एचडीतला मिनिटभराचा व्हिडिओ शंभर एमबीच्या घरात जातो; तेवढ्या जागेत दहा-बारा तास तरी माणूस बोलू शकेल.

त्या आठवड्यांमध्ये बाबा होते. ते गेल्यावर त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप कुणी उघडलं नाही. १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅप सहसा काढून टाकतं, तसं तेही गेलं. आईच्या यादीतला त्यांचा फोटो जाऊन तिथे राखाडी आकृती आली. त्यांचा फोनही आता नाही. पण आईच्या फोनमध्ये उतरलेला आवाज आईचा होता, तो तिथेच राहिला. एका संदेशात मागे एसटी स्टँडची घोषणा चालू आहे, कुठल्याशा फलाटाचा नंबर, आणि त्यावरून बाबा मोठ्याने सांगताहेत, “अगं, गाडी लागली. नारळ घेतलेत, दोन पुरेत ना? तू जेवून घे, थांबू नकोस.” पुढे काही क्षण ते बोलत नाहीत. बोट उचलायला विसरले असणार. नुसता श्वास ऐकू येतो, मग कंडक्टरची घंटा, मग संपतं. आईने ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं.

अशा संदेशात काय असतं? निरोप नसतो, उपदेश नसतो. नारळ असतात. माणूस जाणार हे कुणालाच ठाऊक नसताना बोललेलं ते बोलणं आहे, म्हणून त्यात तो जसाच्या तसा आहे. फोटोत माणूस उभा राहतो, सरळ होतो, हसतो. आवाजात तो वावरतो. हे लिहिताना माझ्यापाशी युक्तिवाद नाही, पण माझी खात्री आहे, की आपल्या पिढीपाशी आपल्या माणसांचं जे काही उरणार आहे त्यातलं सगळ्यात खरं या आठवड्यांच्या फोल्डरांत पडून आहे, आणि ते कुठे आहे हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नाही.

म्हणून एक विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा फोन भरला असेल तर तो हातात घेऊन दोन मिनिटांत मोकळा करून देऊ नका. त्यांच्या शेजारी बसून करा, आणि काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. गुलाब, चहा, पुष्कळदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ, ‘सेंट’मधल्या प्रती, ट्रॅश हे सगळं खुशाल काढा. त्याआधी फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर असं आत जाऊन ‘व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स’ शोधा आणि तो सबंध फोल्डर कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कित्येक वर्षांचे आवाजही त्यात सहज मावतात. दुकानात कुणी फोन रीसेट करायला सांगितलं, तर हे काम झाल्याशिवाय फोन त्यांच्या हाती देऊ नका. एकदा पुसलेला ध्वनिसंदेश सहसा पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असला तरच परत मागता येतो.